मागचा खिसा

माझी मुलगी बसणाऱ्या माणसांचे कपडे शिवते. असं सांगितलं की ऐकणारा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे ऑफिसात जाणाऱ्यांचे का?" तसं नाही. जी माणसं चाकाच्या खुर्चीत असतात, सकाळी बसवली की रात्रीच आडवी होतात, त्यांचे.

घरात, आणि आता दुकानातही, सगळे तिला ठकी म्हणतात. वय तेहतीस, नाकावर घसरणारा चष्मा आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या. त्या टाचण्यांनी माझ्या आयुष्याची निदान पाच वर्षं खाल्ली असतील. "अगं, बोलता बोलता गिळशील एखादी," असं मी म्हटलं की ती ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणते, "गिळली तर पहिल्यांदा तुलाच सांगेन."

दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली. रस्त्याकडे दार, मागे एक खिडकी, दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले खाकी कागदाचे नमुने आणि मधोमध एक लाकडी स्टूल. दाराला पूर्वी दोन पायऱ्या होत्या. तिने त्या फोडून उतार करून घेतला, तेव्हा घरमालक महिनाभर आमच्याशी तुटक बोलत होता. मीही तिला बोललेच होते. खोली भाड्याची, गिऱ्हाईक मोजकं, आणि हिला सुचलं काय, तर पायऱ्या फोडणं. मुलगी पदवी घेऊन नोकरीला लागेल, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येईल, असं मी बरीच वर्षं मनात धरून चालले होते. ठकीच्या बाबांना असलं काही वाटत नाही. त्यांना झोप चांगली लागते.

या सगळ्याची सुरुवात भूमितीच्या सरांपासून झाली. सर समोरच्या इमारतीत राहतात. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, ठकीलाही शिकवली. निवृत्त झाल्यावर त्यांचं मणक्याचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि कमरेखालची जाणीव गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं. तिला आम्ही सगळे काकू म्हणतो. ठकी तेव्हा साधी शिलाई करायची, ब्लाउज, परकर, पडद्यांना दुमड घालणं. एक दिवस काकू सरांची खुर्ची ढकलत दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत आल्या. खुर्ची वर चढेना, म्हणून ठकीच टेप घेऊन रस्त्यावर उतरली.

"पँट मागून खाली घसरते आणि पुढे पोटावर चुण्यांचा ढीग होतो," काकू म्हणाल्या. "दिवसभर मी आपली ओढत बसते."

"कंबर जरा आवळू का, सर?"

"थांब," सर म्हणाले. "तुझ्या शिवणकामात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती सिद्ध न करता तू वापरते आहेस."

"कोणती?"

"माणूस उभा आहे."

"घ्या," काकू म्हणाल्या. "शाळा सुटून सहा वर्षं झाली, ह्यांचा तास काही सुटत नाही."

पण ठकी हसली नाही. तिने सरांचं माप पुन्हा घेतलं, या वेळी बसल्या जागी. मग दुकानात जाऊन खाकी कागद अंथरला आणि तीन दिवस त्या कागदाशी झटापट केली. बसलेल्या माणसाची पँट उभी धरली तर वेडीवाकडी दिसते. मागची बाजू चार बोटं उंच, पुढची तीन बोटं आखूड, गुडघ्याला आधीपासूनच बाक. दोन्ही बाजूंच्या शिवणी कमरेपासून मांडीपर्यंत उघडणाऱ्या, म्हणजे नेसवताना काकूंना सरांना उचलावं लागू नये. मी तिला म्हटलं, "हे कुणी बघितलं तर म्हणेल शिकाऊ मुलीने कापलंय." सरांनी ती घातली, काकूंनी दोनदा सवयीने ओढायला हात नेला, आणि ओढण्यासारखं काही नव्हतं.

सरांची एकच तक्रार होती. मागे खिसा नव्हता.

"मागे खिसा नसेल तर त्याला पँट म्हणत नाहीत," ते म्हणाले. "पायजमा म्हणतात."

"आणि त्या खिशात ठेवणार काय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. खिसा रिकामा असणं वेगळं आणि खिसाच नसणं वेगळं."

तर ठकीने खिसा लावला. दुहेरी कापडाचा, कोपऱ्यांवर टीप दोनदा फिरवून पक्का केलेला. तिची तेव्हाही एक रीत होती. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तसाच कपडा ती स्वतःच्या मापाचा शिवायची आणि तो घालून चार तास त्या लाकडी स्टुलावर बसायची. टोचलं, काचलं तर उसवायची. खिशाच्या पँटवरही ती चार तास बसली. काही टोचलं नाही. मग तिने त्यावर ब्लॉग लिहिला.

हा ब्लॉग ती वर्षभर आधीपासून लिहीत होती, पण तोवर त्यात बाही कशी लावायची, काज कसं करायचं एवढंच असे. आता तिला विषय सापडला. ती लिहिते तशीच बोलते, म्हणजे समोर कात्री घेऊन बसलेल्या बाईशी बोलावं तसं. 'इथे तुम्हाला वाटेल की आपलं चुकलं. चुकलेलं नाही, पुढे चला.' नमुना, मापं, फोटो, सगळं फुकट. शेवटी मात्र प्रत्येक लेखाखाली एक ठरलेला मजकूर असे: 'लेखन आणि नमुने यांचे हक्क माझ्याकडे आहेत. घरच्या माणसासाठी जरूर शिवा. मजकूर उचलून दुसरीकडे टाकू नका, इथला पत्ता द्या.' आणि त्याखाली ब्लॉगचा पत्ता.

मला ते वाचून खटकायचं. "सगळं वाटून टाकतेस आणि मग दाराला कडी लावतेस," मी म्हणायचे. "चार बायकांनी पुढे पाठवलं तर तुझं काय झिजतं?"

"झिजत नाही गं," ती म्हणायची, आणि पुन्हा मशिनकडे वळायची. तोंडात टाचण्या.

सरांच्या पँटचा लेख वाचून मला भरून आलं होतं. माझी मुलगी काहीतरी शहाण्यासारखं करते आहे, हे मला पहिल्यांदाच कुणाला तरी सांगता येण्यासारखं वाटलं. कॉलेजच्या मैत्रिणींचा आमचा फोनवर एक ग्रुप आहे, एक्केचाळीस जणींचा. नुसता पत्ता पाठवला तर कुणी उघडत नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी सगळा लेखच उचलला, फोटोंसकट. खालचं ते हक्कांचं शेपूट कापलं, उगाच रुक्ष दिसत होतं. वर माझी एक ओळ घातली: 'माझ्या लेकीने केलेला एक उपयोगी प्रयोग, सर्व मैत्रिणींनी लाभ घ्यावा व पुढे पाठवावा.' एक्केचाळीसपैकी अठ्ठावीस जणींनी हात जोडले, अंगठे दाखवले. मी दिवसभर हवेत होते.

त्यानंतर बाराव्या दिवशी काकूंना सरांच्या पाठीखाली, खिशाचा कोपरा येतो तिथे, एक लाल डाग दिसला. नाण्याएवढा. दाबला तरी पांढरा होत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आज दिसला हे नशीब, आठवडा गेला असता तर जखम झाली असती, आणि अशी जखम भरायला महिने लागतात. सरांना तीन आठवडे कुशीवर झोपवून ठेवलं.

"मला काही म्हणजे काही कळलं नाही," सर म्हणाले. "कळत असतं तर खुर्चीत कशाला असतो?"

ठकी तिथून आली ती सरळ स्टुलावर जाऊन बसली. "आई, घड्याळ घेऊन बस इथे," ती म्हणाली. "मी वाचत बसते. मी जरा जरी हलले, की एक रेघ मार." तिने तीच खिशाची पँट घातली होती. मी वही घेऊन बसले. पोरीने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, आणि तरी या मांडीवरून त्या मांडीवर, जरा पुढे, जरा मागे, असं चाललंच होतं. तासाभराने मी रेघा मोजल्या. सव्वीस.

"एका तासात सव्वीस वेळा," ती म्हणाली. "सर एकदाही हलत नाहीत. मला वाटत होतं मी चार तास बसले. मी कुठे बसले होते?"

त्या दिवशी तिने सरांच्या पँटचा खिसा उसवला, आणि त्याखालची जाड दुहेरी शिवणसुद्धा काढून सपाट केली. लेख मात्र पुसला नाही. वर ठळक अक्षरांत तारीख घालून लिहिलं: 'दुरुस्ती. मागे खिसा लावू नका. मी लावला होता, ते चुकलं. कारण खाली.' तेव्हापासून तिची रीत बदलली. कपडा दिल्यावर पहिल्या दिवशी दोन तास, मग चार तास, आणि दर वेळी घरच्यांनी कातडी बघून तिला कळवायचं. आणि काही नवं कळलं की आधी ब्लॉगवर जाऊन जुन्या लेखावर दुरुस्ती. कधी एक शब्द, कधी अर्धं बोट. एका लेखावर तर अकरा दुरुस्त्या आहेत. मी म्हणायचे, "लोकांना वाटेल हिला काही येतच नाही." ती म्हणायची, "वाटू दे."

माझ्या मैत्रिणींना दुरुस्ती कळवायला हवी, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. खरंच आलं नाही. पाठवलेली गोष्ट ही झालेली गोष्ट, असंच माझ्या मनात होतं.

त्यानंतर तीन वर्षं गेली. पायऱ्यांच्या जागी उतार झाला, दुकानात चाकांच्या खुर्च्या येऊ लागल्या, ब्लॉगवर चौसष्ट लेख झाले. आणि मागच्या वर्षी एका सकाळी दवाखान्यांचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाई दुकानात आल्या. नीटनेटक्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी ब्लॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. कंपनीला असे कपडे करायचे होते आणि ठकीला त्या कामावर नोकरीला घ्यायचं होतं. महिन्याचा पगार, आजारपणाची रजा, बसायला उजेडाची खोली. त्या बदल्यात चौसष्ट लेख, नमुने, फोटो, सगळ्याचा कॉपीराइट कायमचा कंपनीकडे. ब्लॉग बंद करून तो मजकूर कंपनीच्या पानावर जाणार होता.

मी वर येऊन ठकीच्या बाबांना म्हटलं, "सुटले मी." ते म्हणाले, "तू कुठे अडकली होतीस?"

ठकी कराराचे कागद घेऊन सरांकडे गेली. मीही मागोमाग गेले. सरांनी चष्मा लावून एकेक कलम वाचलं, पेन्सिलीने एका जागी बारीक खूण केली आणि कागद तिच्याकडे परत दिला. तिने तिथूनच कंपनीच्या बाईंना फोन लावला.

"उद्या मला यातलं काही चुकलेलं सापडलं, तर मी काय करायचं?"

"आम्हाला कळवायचं," बाई म्हणाल्या. "आमची तपासणी समिती आहे. वर्षातून दोनदा बसते."

"आणि मधल्या काळात?"

"मधल्या काळात आहे तसंच राहील. मजकूर कंपनीचा असेल ना, त्यात परस्पर कुणाला हात लावता येणार नाही."

ठकीने आभार मानून फोन ठेवला. "वर्षातून दोनदा बसते," ती सरांना म्हणाली. "तुम्ही रोज बसता."

"मी तर अध्यक्षच आहे," सर म्हणाले.

तिने कागद दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकले आणि कामाला लागली. चार दिवस मी कमी बोलले आणि जे बोलले ते टोचून बोलले. सही करायला पेन नसेल तर बाबांकडे तीन आहेत. सगळ्या जगाची कातडी सांभाळणारीने स्वतःच्या डोळ्यांचाही विचार करावा. लेख काय, पुन्हा लिहिता येतात, पगार पुन्हा दारात येत नाही. ती ऐकून घ्यायची. एकदा फक्त म्हणाली, "आई, मला नोकरी नको असं नाही. मला हवीशी वाटते. म्हणून तर अजून नाही म्हटलेलं नाही."

पाचव्या दिवशी तिला एका अनोळखी बाईंचं पत्र आलं, ब्लॉगवरच्या पत्त्यावर. ती ते वाचून दाखवायला वर आली. मी भाजी निवडत होते.

'तुमची माझी ओळख नाही,' त्या बाईंनी लिहिलं होतं. 'माझे पती दोन वर्षांपासून खुर्चीत आहेत. फोनवर आलेला मजकूर वाचून मी त्यांना पँट शिवली. नवव्या दिवशी मागे लाल डाग दिसला, खिसा आहे तिथे. माझी शिलाई चुकली असेल म्हणून मी त्या मजकुरातलं एक वाक्य जसंच्या तसं शोधलं, तर तुमचं पान सापडलं. तिथे वर लिहिलंय, मागे खिसा लावू नका. माझ्याकडच्या मजकुरात तर लावा असं आहे. खरं कोणतं?' खाली त्यांनी तो फोनवरचा मजकूर जोडला होता.

"आणि याची पहिली ओळ ऐक," ठकी म्हणाली. "माझ्या लेकीने केलेला एक उपयोगी प्रयोग, सर्व मैत्रिणींनी लाभ घ्यावा."

ती ओळ माझीच होती. तीन वर्षं तो मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. खिशासकट, माझ्या कौतुकासकट. खालचं जे शेपूट मी कापलं होतं, त्यातच तिचा पत्ता होता. तो असता तर त्या बाई आधीच मूळ पानावर पोचल्या असत्या.

ठकी माझ्यावर रागावली नाही, आणि तेच मला जड गेलं. तिने आधी त्या बाईंना फोन केला. खिसा आजच्या आज उसवा, शिवण सपाट करा, त्यांना कुशीवर ठेवा, डॉक्टरांना दाखवा. मग फोन ठेवून माझ्याकडे वळली.

"आता तुझ्यावर दावा लावायचा की कसं?"

"लाव," तिचे बाबा पेपराआडून म्हणाले. "वकिलाचं मी बघतो."

मी ग्रुपवर लिहिलं. तीन वर्षांपूर्वी मी पाठवलेल्या मजकुरात चूक आहे, ती मी माझ्या अडाणीपणाने पसरवली, जिथे जिथे पुढे पाठवला असेल तिथे कळवा, आणि हा मूळ पत्ता. एका मैत्रिणीने विचारलं, कोणता मजकूर? दुसरीने हात जोडले. तिसरीने मात्र सांगितलं की तिच्या नणंदेने तो घरगुती युक्त्यांच्या एका संकेतस्थळाला दिला होता आणि तो अजून तिथे आहे. होता. फोटोंसकट. पासष्ट हजार लोकांनी पाहिलेला.

ठकीने त्या संकेतस्थळ चालवणाऱ्याला फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होते.

"ताई, हा मजकूर तर सगळीकडे फिरतोय," तो म्हणाला. "असल्या गोष्टीला मालक असतो होय?"

"असतो. मी."

"आणि मी काढला नाही तर?"

"तर मी रीतसर लिहून देईन, आणि मग तुम्हाला काढावाच लागेल. पण त्याआधी ऐका. यात एक चूक आहे, तिने माणसाला जखम होते. चूक माझीच आहे. मी ती माझ्या पानावर सुधारली, तुमच्या पानावर मला सुधारता येत नाही."

तो म्हणाला, पुरावा पाठवा. तिने पहिल्या खाकी नमुन्याचा तारखेसकट फोटो आणि ब्लॉगचा पत्ता पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मजकूर निघाला होता. त्या जागी त्याने आपण होऊन एक ओळ टाकली होती, मूळ व सुधारित लेख इथे वाचा.

मला वाटलं, संपलं एकदाचं. ठकी मात्र ड्रॉवर उघडून ते कराराचे कागद बघत उभी होती.

"कागद आले तेव्हाच मी यावर सही केली असती," ती म्हणाली, "तर त्या माणसाने विचारल्यावर मी काय सांगितलं असतं? थांबा हं, मालकांना विचारून सांगते?"

त्या अनोळखी बाईंच्या नवऱ्याचा डाग आठवड्याभरात गेला. ते कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. रोज सकाळी ठकी उठायच्या आधी मी तिचा फोन बघत होते.

कंपनीच्या बाई पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा मी मुद्दाम दुकानात बसले. ठकीने वहीच्या पानावर आपल्या अटी लिहून ठेवल्या होत्या. हवे ते लेख, हवे ते नमुने कंपनीने वापरावेत, तीन वर्षांसाठी. लेखन तिच्याच मालकीचं राहील, ब्लॉग चालू राहील. आणि तिने दुरुस्ती पाठवली की सात दिवसांत पानावर यायला हवी.

बाईंनी वाचलं. "मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण नोकरी आणि हक्क एकत्रच ठरलेत. हक्क नसतील तर नोकरीचं मला काही करता येणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा त्यांना. आईचं ऐकतील."

आठवड्यापूर्वी मी त्यांना खुर्ची पुढे करून चहा दिला असता आणि लेकीचा हात धरून सही करवून घेतली असती. "मी एकदा हिचं लिखाण हिच्यापासून तोडून पुढे पाठवलं होतं," मी म्हटलं. "प्रेमानेच." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं, एक्केचाळीस मैत्रिणी, कापलेलं शेपूट, खिसा, नववा दिवस. सांगताना मला लाज वाटत होती, पण अर्ध्यावर थांबता येईना. "तुम्ही माझ्यापेक्षा नीट सांभाळाल, ते मी मानते," शेवटी मी म्हटलं. "पण चूक कळणार पहिली हिलाच. गिऱ्हाइकाच्या घरून फोन हिला येतो."

बाई वहीचं ते पान घेऊन गेल्या. नोकरी गेली, हे आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं होतं. ठकीने संध्याकाळपर्यंत एक पँट चुकीची कापली, उभ्या माणसाच्या मापाची. असं तिचं कधी होत नाही. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. नोकरीचा उल्लेख नव्हता. बारा लेख आणि त्यांचे नमुने त्यांना हवे होते, वापरापुरते, नावासकट, हक्क तिच्याकडेच. दुरुस्तीला सात ऐवजी दहा दिवस मागितले होते. सरांनी पेन्सिलीने दहावर खूण केली.

"दहा दिवस पुरे होतात डाग पडायला," ते म्हणाले.

ठकीने उलट लिहिलं: दहा चालतील, पण माझी दुरुस्ती पोचल्या दिवसापासून ती चढेपर्यंत तो लेख पानावरून खाली राहील. त्यांनी मान्य केलं. या वेळी करार मी स्वतः वाचला, सगळी पानं, दोनदा. माझी पदवी पहिल्यांदाच घरच्या कामी आली, असं तिचे बाबा म्हणाले.

ठरलेला पगार नाही तो नाहीच. कंपनीकडून जे येतं त्यात दुकानाचं भाडं निघतं आणि मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. तिच्या डोळ्यांची, टाचण्यांची, घरमालकाच्या मनात काय येईल याची काळजी मी करतेच. ते काही सुटणारं नाही.

गेल्या महिन्यात तिला एक नवीन गोष्ट सापडली. बाजूच्या शिवणी बंद करायला ती वेल्क्रोची चिकटपट्टी लावते. तिची खरखरीत बाजू आतल्या अंगाला होती, आणि धुऊन धुऊन कडा सुटली की ती मांडीला घासते, असं एका गिऱ्हाइकाच्या बहिणीने कळवलं. ठकीने तासाभरात आपल्या लेखावर दुरुस्ती घातली, खरखरीत बाजू बाहेर, आणि कंपनीला लिहिलं. मग ती कामात असल्यासारखं दाखवत दर थोड्या वेळाने फोन बघत होती. मीही वर बसून तेच करत होते.

चार वाजता कंपनीच्या पानावरून तो लेख निघाला. ती जिना चढून वर आली.

"काढला गं त्यांनी," ती म्हणाली. "खरंच काढला."

"करारात आहे म्हटल्यावर काढणारच."

"हो. तरी."

चौथ्या दिवशी लेख परत चढला. वर तारीख, दुरुस्ती, कारण, खाली तिचं नाव. तिने तो मला वाचायला दिला, दुकान सहालाच बंद केलं आणि जेवायच्या आधी जरा पडते म्हणून आडवी झाली. तोंडात टाचणी नाही ना, ते मी तेवढं बघून घेतलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि भांड्यांचा आवाज होऊ न देता जेवणाचं बघायला लागले.